चरणाऱ्या गुरांचा ताण रक्तातून कसा मोजायचा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

गोठ्यातल्या जनावराचं काही बिघडलं तर ते नजरेसमोर असतं. गव्हाणीत वैरण उरते, शेण बदलतं, दूध कमी येतं आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी लक्षात येतं. रानात चरणाऱ्या कळपाचं तसं नाही. गाय हा मूळचा शिकार होणारा प्राणी. दुखणं न दाखवता कळपासोबत चालत राहायचं, हा तिचा उपजत स्वभाव. ती मागे पडलेली दिसते तोवर बऱ्याचदा काही आठवडे निघून गेलेले असतात. त्या आठवड्यांचा पुरावा रक्तात सापडतो. तो कसा गोळा करायचा आणि कसा वाचायचा, हे इथे पायरीपायरीने देतो आहे.

पशुवैद्यकाचे नवे विद्यार्थी, नमुने गोळा करायला जाणारे मदतनीस आणि आपल्या कळपाचा रिपोर्ट स्वतः समजून घ्यावा असं वाटणारे पशुपालक, अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. सुई टोचण्याचं काम पशुवैद्यकानं किंवा त्यांच्या देखरेखीखाली शिकलेल्या माणसानंच करावं. तयारी, नोंदी आणि वाचन मात्र कुणालाही शिकता येतं, आणि खरं सांगायचं तर चुका जास्त तिथेच होतात.

आधी थोडी पार्श्वभूमी

१९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून एक मांडणी केली. थंडी असो, जखम असो वा औषधाचा मारा, शरीर आधी धोक्याची घंटा वाजवतं, मग तग धरतं आणि त्रास फारच लांबला तर थकून हरतं. प्रत्येक त्रासाला शरीर अगदी एकसारखं उत्तर देत नाही हे पुढच्या संशोधनात दिसून आलं, पण धोका, तग आणि थकवा हा क्रम आजही कामाचा आहे. चरणारं जनावर यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे, हेच आपल्याला ओळखायचं असतं.

गुरांच्या शरीरात ही हालचाल दोन वाटांनी होते. पहिली वाट मज्जासंस्थेची. अॅड्रेनालिन काही सेकंदांत सुटतं, हृदय धडधडतं, प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ढकलते, साखर वाढते. दुसरी वाट जरा सावकाश. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, तिच्याकडून एसीटीएच हे संप्रेरक निघतं आणि मूत्रपिंडाशेजारच्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल काही मिनिटांत चढायला लागतं, साधारण १५ ते ३० मिनिटांत शिखर गाठतं आणि त्रास थांबला की तासा-दोन तासांत उतरतं.

हे वेळेचं गणित पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे. रक्तातल्या प्रत्येक घटकाची चढण्याची आणि उतरण्याची वेळ वेगळी असते. ती माहीत नसेल तर रिपोर्टातला आकडा बरोबर असूनही अर्थ चुकीचा निघतो.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

‘आमच्या गुरांना ताण आहे का’ हा प्रश्न मोजता येत नाही. ‘नव्या कुरणात सोडल्यापासून पंधरा दिवसांत ही कालवडं सावरली का’ हा येतो. प्रश्न लिहून झाला की त्याचा काळ बघा आणि त्यानुसार घटक निवडा.

आज सकाळी काय घडलं हे हवं असेल तर कॉर्टिसॉल आणि साखर. काल-परवाच्या वाहतुकीचा, लांबच्या पायपिटीचा परिणाम हवा असेल तर पांढऱ्या पेशींचं प्रमाण आणि क्रिएटिन कायनेज हे स्नायूंतलं एन्झाइम. गेल्या दोन-चार दिवसांत कुठे सूज किंवा संसर्ग सुरू झालाय का, यासाठी हॅप्टोग्लोबिन हे प्रथिन; निरोगी गाईच्या रक्तात ते जवळजवळ नसतंच आणि इजा झाल्यापासून एक-दोन दिवसांत एकदम वर जातं. पोट भरतंय का, अंगातली चरबी वितळतेय का, यासाठी मुक्त स्निग्धाम्लं, म्हणजे रिपोर्टात ‘नेफा’ लिहिलेलं असतं ते, आणि बीएचबी, म्हणजे चरबी मोडताना तयार होणारं किटोन. आठवड्यांचा हिशोब हवा असेल तर अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची संप्रेरकं. तांबडी पेशी गाईच्या रक्तात चार-पाच महिने जगते, त्यामुळे हिमोग्लोबिन एका वाईट दिवसाने हलत नाही.

सगळंच एकदम मोजायचा मोह आवरा. चार-पाच घटक, पण प्रश्नाला साजेसे आणि पुन्हापुन्हा मोजलेले, हे पंचवीस घटकांच्या एकाच रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

पायरी २: जनावरं आणि वेळ ठरवा

एका जनावरावरून कळपाबद्दल बोलू नका. एका गटातली १०-१२ जनावरं घ्या. गट म्हणजे एकाच अवस्थेतली: दुभती वेगळी, भाकड वेगळी, कालवडी वेगळ्या. नुकतीच व्यालेली गाय आणि सहा महिन्यांची गाभण गाय यांचे आकडे एकत्र मिसळले तर सरासरी कुणाचीच राहत नाही. व्यायच्या आसपास तर निरोगी गाईचं रक्तही ताणाखालच्या गाईसारखंच दिसतं. आजारी, लंगडणारी आणि नुकतंच औषध दिलेली जनावरं गटातून बाहेर ठेवा, पण त्यांची नोंद करा. डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड टोचलं असेल तर पांढऱ्या पेशींचं चित्र हुबेहूब ताणासारखं होतं. साधं स्नायूत दिलेलं इंजेक्शनही क्रिएटिन कायनेज वाढवतं. म्हणून गेल्या काही दिवसांत काय टोचलं, हा प्रश्न मालकाला विचारल्याशिवाय सुई काढू नका.

बदल होण्याआधीचा नमुना ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. कळप हलवण्याआधी, उन्हाळा सुरू होण्याआधी, नवी जनावरं मिसळण्याआधी एकदा रक्त घ्या. नंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी तीच जनावरं. शक्य असेल तर एक गट जुन्याच जागी ठेवून त्याचंही रक्त त्याच दिवशी घ्या. हवामान बदललं म्हणून फरक पडला की कुरण बदललं म्हणून, हे त्याशिवाय सांगता येत नाही.

दिवसाची वेळ तीच ठेवा. कॉर्टिसॉल दिवसभर वरखाली होत असतं, आणि बीएचबी तर चारा खाल्ल्यानंतरही थोडं वाढतं. पहाटे कळप रानात सुटण्याआधी घेतलेला नमुना सगळ्यात सोयीचा पडतो.

रक्तासोबतच्या नोंदी रक्ताइतक्याच महत्त्वाच्या. १ ते ५ च्या मापात अंगावरचं मांस, म्हणजे बॉडी कंडिशन स्कोर. वजन. गुदद्वारातलं तापमान; निरोगी गाईत ते साधारण ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असतं. बरगडीकडे बघून मिनिटाला श्वास. सावलीत उभ्या गाईचे ६० च्या वर गेले की उष्णतेचा त्रास धरावा. पाणवठा किती लांब, गवत किती उंच, गोचीड किती, रवंथ चालू आहे का.

उष्णतेसाठी टीएचआय, म्हणजे तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा निर्देशांक, काढा. तापमान सेल्सिअसमध्ये घ्या. त्याला १.८ ने गुणून ३२ मिळवा, हा पहिला आकडा. मग हवेतल्या आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.००५५ ने गुणून ते ०.५५ मधून वजा करा. जे उरेल त्याला, तापमान गुणिले १.८ वजा २६, याने गुणा. हा दुसरा आकडा पहिल्यातून वजा केला की टीएचआय मिळतो. ३२ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर पहिला आकडा ८९.६, दुसरा ६.९५, म्हणजे टीएचआय जवळपास ८२.६. दुभत्या गाईंना ७२ पासून, आणि जास्त दूध देणाऱ्यांना ६८ पासूनच त्रास सुरू होतो असं मानतात. यात ऊन आणि वारा धरलेला नसतो, म्हणून उघड्या कुरणातला खरा त्रास आकड्यापेक्षा जास्त असू शकतो. सावली आहे की नाही, हे शेजारी लिहायला विसरू नका.

पायरी ३: सामान

साध्या लाल टोपणाच्या ट्यूब रक्तजलासाठी (सीरम), जांभळ्या टोपणाच्या, रक्त साकळू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूब पेशींसाठी, करड्या टोपणाच्या फ्लोराइड ट्यूब साखरेसाठी. १८ आणि २० गेजच्या सुया, जनावरांच्या संख्येपेक्षा बऱ्याच जास्त. काचपट्ट्या, स्पिरिट, कापूस, हातमोजे, न पुसणारा मार्कर, बर्फाच्या पिशव्या घातलेली पेटी, वापरलेल्या सुयांचा जाड डबा आणि सेकंद दाखवणारं घड्याळ. ट्यूबवर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आदल्या रात्रीच लिहून ठेवा. पहाटे थंड हातांनी लिहिलेले आकडे नंतर वाचता येत नाहीत.

पायरी ४: रक्त काढणं

अडचणीची गोष्ट अशी की पकडणं आणि टोचणं हासुद्धा ताणच आहे. आपण मोजायला जातो आणि मोजण्याच्या नादात आकडा वाढवतो. म्हणून तयारी नमुन्याच्या दिवशी सुरू होत नाही. आठवडाभर आधीपासून रोज जनावरांना खोड्यातून नेऊन आणा, पलीकडे थोडं खाद्य ठेवा, आरडाओरडा नको, काठी नको, कुत्री लांब. रानातली गुरं माणसाच्या हाताला सरावलेली नसतात. या सरावाशिवाय घेतलेलं कॉर्टिसॉल हे कुरणाचं नसून खोड्याचं असतं, असं मी स्पष्ट म्हणेन.

जनावर खोड्यात अडकलं की घड्याळ सुरू. कॉर्टिसॉलसाठीचं रक्त दोन-तीन मिनिटांत ट्यूबमध्ये यायला हवं. जास्त वेळ लागला तर नमुना टाकू नका, पण किती वेळ लागला ते लिहा. रांगेत शेवटी असलेलं जनावर अर्धा तास इतरांची धडपड ऐकत उभं असतं, म्हणून रांगेतला क्रमांकही लिहा. विश्लेषणात या दोन नोंदींनी माझे कितीतरी गोंधळ सोडवले आहेत.

शीर कोणती? चरणाऱ्या, जरा बुजऱ्या जनावरांसाठी मला शेपटीची शीर आवडते. डोकं आवळावं लागत नाही. शेपूट मुळाशी धरून सरळ वर उचला, वाकडी नको. खालच्या बाजूला मधोमध एक पन्हळ लागते. गुदद्वारापासून थोडं खाली, दोन मणक्यांच्या मधली मऊ जागा बोटाने चाचपा, शेण पुसून स्पिरिट लावा. सुई शेपटीला काटकोनात, मधोमध. हाडाला लागली की केसभर मागे घ्या आणि दट्ट्या हलका ओढा. रक्त आलं नाही तर सुई पूर्ण बाहेर न काढता किंचित दिशा बदला. दोनदा जमलं नाही तर थांबा आणि दुसऱ्या सांध्यावर जा. जास्त रक्त हवं असेल तर मानेची शीर बरी. मोरकीने डोकं एका बाजूला बांधून मानेच्या पन्हळीत अंगठा दाबला की वरची शीर फुगते, बोटाने टिचकी दिली की लहर जाणवते. कासेवरची दुधाची शीर मात्र वापरू नका, तिथे रक्त साकळून मोठी गाठ होते. आणि एकदा निवडलेली शीर शेवटच्या दिवसापर्यंत बदलू नका. लाळग्रंथी रक्तातला फॉस्फरस ओढतात, त्यामुळे मानेच्या शिरेत तो शेपटीच्या शिरेपेक्षा कमी सापडतो.

प्रत्येक जनावराला नवी सुई. अॅनाप्लाझ्मोसिस आणि बोव्हाइन ल्युकेमिया विषाणू रक्ताच्या थेंबातून पसरतात. ताण मोजायला गेलेल्या माणसाने कळपाला रोग देऊन यावं, याहून वाईट काय? टोचून झाल्यावर मिनिटभर कापूस दाबून धरा. पशुपालकांना रक्ताची काळजी वाटते, ती रास्तच आहे, म्हणून त्यांना सांगा: ३०० किलोच्या जनावरात १६ ते १८ लिटरच्या आसपास रक्त असतं आणि आपण २० मिलिलिटर घेतो.

ट्यूब भरण्याचा क्रम पाळा. आधी साधी लाल, मग जांभळी, शेवटी करडी. ईडीटीएचा थेंब लाल ट्यूबमध्ये गेला तर पोटॅशियम अचाट वाढलेलं आणि कॅल्शियम पार खाली गेलेलं दिसतं, आणि असा रिपोर्ट पाहून एखादा नवखा माणूस भलताच उपचार सुरू करू शकतो. जांभळी ट्यूब खुणेपर्यंत भरा, नाहीतर पेशी आक्रसतात. भरली की हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करा. हलवायची नाही, उलटवायची. सिरिंजमधून भरत असाल तर सुई काढून रक्त ट्यूबच्या कडेने सोडा. सुईतून जोरात ढकललं की पेशी फुटतात, रक्तजल लालसर होतं, आणि मग पोटॅशियम आणि एएसटी, एलडीएच या एन्झाइमांच्या आकड्यांवर विसंबता येत नाही.

तिथेच, खोड्याशेजारी, एक रक्तपट काढा. छोटा थेंब, दुसरी काचपट्टी तिरकी, न थांबता एकाच दमात पुढे सरकवा. हवेत हलवून वाळवा. वाळलेले पट डबीत बंद ठेवा, माश्या ते चाटून खातात. फॉर्मॅलिनची बाटली त्याच पेटीत नको, तिच्या वाफेने रंग नीट चढत नाही.

पायरी ५: प्रयोगशाळेपर्यंत

लाल ट्यूब अर्धा-एक तास उभी, सावलीत ठेवा म्हणजे रक्त साकळेल, मग सेंट्रिफ्यूजवर १५०० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट) १० ते १५ मिनिटं. गाईच्या तांबड्या पेशी आपोआप तळाला बसत नाहीत, घोड्याच्या झरझर बसतात. त्यामुळे ‘थोडा वेळ ठेवलं की वर पाणी येईल’ ही आशा धरू नका. वेगळं केलेलं रक्तजल दोन-तीन छोट्या नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. जांभळी ट्यूब चार अंशांवर, चोवीस तासांच्या आत. ती कधीही गोठवायची नाही. साखरेसाठी करडी ट्यूब का, तर साध्या ट्यूबमध्ये पेशी साखर खात राहतात आणि तासाला पाच ते दहा टक्के तरी घट होते. उन्हात गाडीत राहिली तर आणखी.

पायरी ६: आकडे वाचणं

कॉर्टिसॉलपासून सुरुवात करू, कारण सगळे आधी तेच विचारतात. शांत गाईत ते बहुधा १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असतं. काही प्रयोगशाळा नॅनोमोलमध्ये देतात. नॅनोग्रॅमच्या आकड्याला २.७६ ने गुणलं की नॅनोमोल प्रति लिटर मिळतात. एकक न बघता दोन रिपोर्ट ताडून पाहू नका. कॉर्टिसॉल माणसात आणि गाईत एकच रेणू आहे, म्हणून माणसांची किट चालतात, पण ती गाईच्या रक्तजलावर तपासून घेतलेली असावीत. तरीही एकट्या कॉर्टिसॉलवर माझा फारसा भरवसा नाही. ते त्या अर्ध्या तासाची गोष्ट सांगतं. लांबलेल्या त्रासाचा प्रश्न असेल तर जोडीला शेण किंवा केस घ्या. शेणातले कॉर्टिसॉलचे अवशेष साधारण १०-१२ तासांपूर्वीचं सांगतात, केसांतले काही आठवड्यांचं. शिवाय त्यासाठी जनावराला टोचावं लागत नाही.

नवख्याने सगळ्यात आधी शिकावं ते पांढऱ्या पेशींचं प्रमाण. सूक्ष्मदर्शक, रंग आणि धीर एवढंच लागतं. लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल आणि इओसिनोफिल हे पांढऱ्या पेशींचे प्रकार; प्रमाण म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट. गाईच्या रक्तात लिम्फोसाइट जास्त आणि न्यूट्रोफिल कमी असतात, माणसाच्या उलट. पटावर शंभर पांढऱ्या पेशी मोजा. समजा हलवण्याआधी एका कालवडीत न्यूट्रोफिल २८ आणि लिम्फोसाइट ६२ निघाले: प्रमाण ०.४५. दिवसभराच्या वाहतुकीनंतर तिच्याच रक्तात न्यूट्रोफिल ५८ आणि लिम्फोसाइट ३६ आले: प्रमाण १.६. कॉर्टिसॉलमुळे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंती सोडून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट प्रवाहातून ऊतींकडे निघून जातात, म्हणून हा पालट होतो. इओसिनोफिलही जवळजवळ दिसेनासे होतात. हा बदल काही तासांत घडतो आणि एक-दोन दिवस टिकतो, त्यामुळे टोचण्याच्या त्या दोन मिनिटांचा त्यावर परिणाम होत नाही. रानातल्या गुरांसाठी हा मोठाच फायदा.

मात्र संसर्गातही न्यूट्रोफिल बदलतात. फरक असा ओळखा: ताणात न्यूट्रोफिल पूर्ण वाढलेले, खंडित केंद्रकाचे असतात, संसर्गात पट्ट्यासारख्या केंद्रकाच्या कोवळ्या पेशी दिसतात, फायब्रिनोजन आणि हॅप्टोग्लोबिन ही सुजेची प्रथिनं चढलेली असतात. गाईच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिलचा साठा तुटपुंजा, म्हणून जोरदार संसर्गाच्या सुरुवातीला ते वाढण्याऐवजी घटतात. बोव्हाइन ल्युकेमिया विषाणूची लागण असलेल्या काही जनावरांत लिम्फोसाइट कायमच जास्त असतात. तिथे प्रमाण नेहमी कमीच दिसेल आणि ताण लपेल. नवजात वासरात प्रमाण उलटं असतं, ते काही दिवसांत पालटतं.

पोटापाण्याचे आकडे एकत्र वाचा. नेफा वाढलं म्हणजे चरबी मोडतेय. त्याचवेळी बीएचबी १.२ मिलिमोल प्रति लिटरच्या वर गेलं, तर ताज्या व्यालेल्या गाईत सुप्त किटोसिस, म्हणजे लक्षणं न दाखवता रक्तात किटोन साठणं, धरतात. पण धडपडीत सुटलेलं अॅड्रेनालिनही नेफा मिनिटांत वाढवतं, म्हणून खोड्यातली वेळ पुन्हा बघा. साखर मोठ्या गाईत साधारण ४५ ते ७५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ताणात ती वाढते. उपासात घटायला हवी, तरी बरेच दिवस टिकून राहते, म्हणून भुकेचा अंदाज साखरेवरून घेऊ नका. युरिया दोन विरुद्ध कारणांनी वाढतो: कोवळ्या लुसलुशीत गवतातलं भरपूर प्रथिन, किंवा उपासमारीत मोडणारा स्नायू. गवत बघा, मांस बघा, मग ठरवा. क्रिएटिनिनही वाढलं असेल तर पाणी कमी पडतंय का ते तपासा.

पाण्यासाठी पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, आणि एकूण प्रथिनं ही जोडी. दोन्ही चढले तर शरीरातलं पाणी आटतंय. नुसतं पीसीव्ही चढलं तर कदाचित घाबरलेल्या प्लीहेचं काम. पीसीव्ही खाली आणि प्रथिनं बरी, तर गोचीड आणि रक्तातल्या परजीवींकडे वळा. पटावर थायलेरिया, बबेसिया, अॅनाप्लाझ्मा शोधा. गुरांचं पीसीव्ही २४ ते ४६ टक्के इतक्या रुंद पट्ट्यात ‘सामान्य’ मानलं जातं. ४० वरून २६ वर आलेली गाय कागदावर सामान्यच दिसते, म्हणून तिचा स्वतःचा जुना आकडा हवा.

क्रिएटिन कायनेज पायपिटीचं आणि वाहतुकीचं माप. ते दोन-तीन दिवसांत ओसरतं, एएसटी जास्त रेंगाळतं. खनिजांबद्दल एवढंच: मॅग्नेशियम १.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आणि जनावर थरथरतंय, चालताना अडखळतंय, तर तो कुरणातला झटका आहे. रिपोर्टची वाट न बघता पशुवैद्यकांना बोलवा. तांबं रक्तात शेवटपर्यंत ठीक दिसतं, कारण यकृत साठ्यातून पुरवत राहतं.

पायरी ७: ताण की जुळवून घेणं

आता खरा प्रश्न. सुरुवातीचा धक्का सगळ्याच जनावरांत दिसतो, त्यात वावगं काही नाही. पुढे काय होतं ते बघायचं.

उन्हाचंच घ्या. पहिल्या दिवसांत कॉर्टिसॉल चढतं. काही आठवडे ऊन टिकलं की ते उतरतं, कधी नेहमीच्या पातळीच्याही खाली जातं. अनेकजण इथे सुटकेचा श्वास टाकतात. पण शरीराने कॉर्टिसॉल आवरलं यामागे कारण आहे: ते चयापचय वाढवतं, आणि चयापचय म्हणजे आणखी उष्णता. टी३ आणि टी४ ही थायरॉइडची संप्रेरकंही याच कारणाने घटतात. जनावर आतली भट्टी मंद करतं. हे जुळवून घेणंच आहे, पण त्याची किंमत वाढीत, दुधात आणि माजावर येण्यात मोजावी लागते. ऊन लागलेल्या दुभत्या गाईंत आणखी एक विचित्र गोष्ट दिसते: खाणं घटूनही नेफा अपेक्षेइतकं वाढत नाही. त्यामुळे ‘नेफा बरं आहे, म्हणजे पोट भरतंय’ हा तर्क उन्हाळ्यात चालत नाही. तिथे चरण्याचे तास मोजा.

म्हणून मी तीन गोष्टी एकत्र मागतो. एक, जलद बदलणारे घटक स्वतःच्या जुन्या पातळीकडे परत आले का: पांढऱ्या पेशींचं प्रमाण, क्रिएटिन कायनेज, नेफा. दोन, सावकाश बदलणारे टिकले का: अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, वजन, अंगावरचं मांस. तीन, नव्या त्रासाला जनावर अजून उत्तर देऊ शकतं का. पहिल्या दोन्हींचं उत्तर होकारार्थी असेल तर कळप सावरला. जलद घटक शांत आणि सावकाश घटक घसरते असतील, तर ते जनावर थकतंय, आणि हेच चित्र सगळ्यात जास्त वेळा नजरेतून निसटतं. कॉर्टिसॉल सामान्य, वागणं शांत, आणि दर पंधरा दिवसांनी अल्ब्युमिन थोडं कमी.

तिसऱ्या गोष्टीसाठी संशोधनात एसीटीएच चाचणी करतात. कृत्रिम एसीटीएच देऊन ठरावीक अंतराने कॉर्टिसॉल मोजतात आणि अॅड्रिनल ग्रंथी किती जोरात उत्तर देते ते बघतात. लांबलेल्या ताणात हे उत्तर नेहमीपेक्षा वेगळं येतं. ती परवानगी घेऊन, तज्ज्ञांच्या हातूनच करायची.

एकाच कुरणात दोन जाती असतील तर निष्कर्ष वेगवेगळे काढा. वशिंडवाली झेबू गुरं उष्णता जास्त सहज बाहेर टाकतात आणि त्यांची मूळ चयापचयाची गतीही कमी असते. त्यांच्यातलं कमी टी४ हा बिघाड समजू नये. उंच डोंगरी कुरणात गेलेल्या जनावरांत हिमोग्लोबिन थोडं वाढणं हेही अपेक्षितच, पण छातीखाली, पुढच्या पायांच्या मध्ये सूज आली तर रक्ताचे आकडे बाजूला ठेवा आणि जनावर खाली आणा. विरळ हवेत फुप्फुसातला रक्तदाब वाढून हृदय थकल्याची ती खूण असते.

पायरी ८: मांडणी

वहीत प्रत्येक जनावराची एक ओळ, प्रत्येक दिवसाचा एक स्तंभ. सरासरी काढण्याआधी प्रत्येकाचा स्वतःचा फरक काढा: सातव्या दिवसाचा आकडा वजा आधीचा आकडा. बारापैकी दहांचा फरक एकाच दिशेला गेला असेल तर ती कळपाची गोष्ट. दोघींचाच प्रचंड वाढला आणि सरासरी त्यांनी ओढली असेल तर ती त्या दोन गाईंची गोष्ट, आणि आधी त्यांना जवळून तपासायला हवं. बहुतेकदा अशा गाई कळपात खालच्या मानाच्या असतात; पाणवठ्यावर त्यांना बाकीच्या हुसकावतात. एक दुपार पाणवठ्याजवळ बसून बघा.

सगळे नमुने शक्यतो एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर, एकाच फेरीत तपासा. यासाठीच रक्तजल दोन-तीन नळ्यांत वाटून ठेवायला सांगितलं. पहिल्या दिवसाची एक नळी गोठवलेली असेल तर शेवटच्या दिवसाच्या नमुन्यांसोबत ती पुन्हा तपासता येते. दोन्ही वेळचा आकडा जुळला तर मधला फरक जनावरांचा आहे. जुळला नाही तर आधी प्रयोगशाळेला फोन करा, मगच कुरण बदला.